कालच्या रोलमधला फोटो

हसाकाकांना मोतीबिंदू झाला तो नेमका उजव्या डोळ्यात, कॅमेऱ्याला लावायच्या डोळ्यात. फोटो काढताना ते "हसा, हसा" म्हणायचे, म्हणून सगळ्यांचे हसाकाका. लेकीनं ऑपरेशनची तारीख घेतली आणि काकांची टाळाटाळ सुरू झाली. कधी सर्दी, कधी पाहुणे.

"बाबा, परवाच्या फोटोत नवरी राहिली बाजूला, मागचा पडदाच स्पष्ट आलाय," लेक म्हणाली. "लोक हसतात खरे, पण आपल्याला!"

काका कॅमेऱ्याची काच पुसत राहिले. खरं कारण सांगावं तरी कसं?

काकू होत्या तेव्हाची स्टुडिओतली रीत अशी, की गिऱ्हाईक बसायच्या आधी काकूंनी स्टुलावर बसायचं आणि काकांनी दिवे नि फोकस त्यांच्यावर जुळवून घ्यायचा. उठता उठता काकू काकांची उभी राहिलेली कॉलर दुमडायच्या. नुकतंच केसांना तेल लावलेलं असायचं, बोटं तेलकट. "जगाला नीट बसवता, जरा स्वतःकडे बघा की!"

काकू गेल्या. स्टूल राहिलं.

मग डोळा धुरकटला. एका सकाळी काकांनी सवयीनं रिकाम्या स्टुलावर कॅमेरा रोखला, आणि त्या धुक्यात कुणीतरी बसलेलं दिसलं. मान किंचित डावीकडे कललेली. काकांनी डावा डोळा लावला, तर नुसतं स्टूल. पुन्हा उजवा लावला... तर बसलेली. खोलीत केसांच्या तेलाचा मंद वास.

तेव्हापासून दुकान उघडलं, की आधी तिची भेट. आणि डॉक्टर म्हणजे ते धुकंच पुसायला निघालेले.

एकदा जेवताना लेकीनं हलकेच विचारलं, "बाबा, माझा चेहरा तरी नीट दिसतो का हो तुम्हाला?"

घास काकांच्या हातातच राहिला. "घे तारीख," ते म्हणाले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी जुन्या कॅमेऱ्यात रोल भरला. "हलू नकोस गं," ते पुटपुटले. "एकच काढतो..." बटण दाबलं. तेलाचा वास दाटला, आणि विरून गेला.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. दुपारी लेकीनं त्यांना आणून स्टुडिओतल्या खुर्चीत बसवलं. उजव्या डोळ्यावर पट्टी, कॉलर एका बाजूला उभी. काकांचा एकच हट्ट, कालचा रोल धुऊन दे. लेक बापाच्याच हाताखाली शिकलेली. ती डार्करूममध्ये गेली.

बऱ्याच वेळानं ओला फोटो धरून बाहेर आली.

"का गं? कोरा आला?"

"नाही, बाबा... तुम्ही आलात."

फोटो स्टुलावरून काढलेला होता. समोर कॅमेरा, त्यामागे काका. केस न् केस स्पष्ट. कॉलर एका बाजूला उभी. उजव्या डोळ्यावर पट्टी.

"पट्टी तर आज बांधलीय," लेक कुजबुजली. "रोल कालचा..."

काका फोटोकडे बघत राहिले. मग मान वळवून स्टुलाकडे. उघड्या डोळ्याला ते रिकामंच दिसलं. नकळत त्यांचा हात कॉलर नीट करायला गळ्याकडे गेला.

कॉलर दुमडलेली होती. बोटांना तेलाचा ओशटपणा लागला.