उसना उपदेश

“तुमच्या उपदेशात एक शेकोटी कमी पडली, मॅडम.”

उपासना नुकतीच संपली होती. चर्चच्या दारात उभी राहून मी बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवत होते. हा हात मात्र लगेच सुटला नाही... मी वर पाहिलं. सावळा, उंच, हसू ओठांतच दाबून धरलेला एक तरुण. बोटांना वॉर्निशचा उग्र वास.

“म्हणजे?”

“पेत्र अंगणातल्या शेकोटीपाशी बसला आणि ‘मी येशूला ओळखत नाही’ म्हणाला, ती एक. पण पुढं समुद्रकाठी येशूनं त्याच पेत्राला माफ करून त्याच्यासाठी मासे भाजले. ती दुसरी शेकोटी कुठं गेली?”

कुठं जाणार? ज्या वहीतून मी उपदेश उतरवला होता, तिची शेवटची पानं फाटलेली होती!

मी जयमाला. भिंगारची. वडील लष्कराच्या मेसमध्ये स्वयंपाकी. आमच्या घरातली पाळक व्हायला निघालेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळं आईनं ही बातमी पार भाजीवाल्यापर्यंत पोचवलेली. नगरच्या सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या कॉलेजात, माझं तिसरं, शेवटचं वर्ष होतं आणि जानेवारीपासून दर रविवारी जामखेड तालुक्यातल्या या छोट्या मंडळीत, म्हणजे या चर्चच्या लोकांत, उपदेश करायची माझी सेवा लागली होती. पहिला उपदेश चार दिवसांवर आला, तरी मला एक ओळ सुचेना. तेव्हा ग्रंथालयात, सगळ्यात खालच्या फळीवर, ती बिननावाची वही सापडली. त्यातला पेत्राचा उपदेश वाचून मी तिथंच रडले. मग डोळे पुसले आणि अख्खा उतरवून घेतला.

“वेळ कमी होता, म्हणून वगळली,” मी म्हणाले.

“अच्छा. आणि बाकीचं सगळं कसं सुचलं?”

“प्रार्थनेत.” जीभ अडखळलीसुद्धा नाही.

“भारी प्रार्थना करता तुम्ही,” तो एवढंच म्हणाला आणि हात सोडला.

त्याचं नाव कल्याण. जामखेड रोडला जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं, रिवाइंडिंगचं दुकान, आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचा. मंडळीतली निम्मी माणसं ऊसतोडीला गेलेली, त्यामुळं बाकं रिकामी असायची आणि त्याचा सूर भिंतींवर आपटून दुप्पट मोठा व्हायचा. उपासनेनंतर छबूबाईंकडं जेवण. त्या मंडळीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या. मग कल्याण मला मोटरसायकलवरून एसटीच्या थांब्यावर सोडायचा. दोन्ही बाजूंना ज्वारी डोलत असायची, वाऱ्यानं कान गार पडायचे... आणि मोटरसायकल जरा जास्तच हळू चालायची.

“एवढी हळू? बिघडलीय का?”

“रिवाइंडिंगवाल्याची गाडी बिघडेल? मॅडम, ती भक्तिभावानं चालतेय.”

पुढचे उपदेश मी स्वतः लिहिले. आखूड, चाचपडत. तिसऱ्या रविवारी मधेच विसरले, पाणी प्यायले, पुन्हा सुरू केलं.

“आजचा फार वाईट झाला ना?” थांब्यावर मी विचारलं.

“अडखळत होता... पण आज मला तुमचा आवाज ऐकू आला.”

एसटी आली, गेली. मी पुढच्या एसटीनं गेले.

असं सगळं गोड चाललेलं असताना आमच्या प्राचार्यांनी, सहादेव सरांनी, मला बोलावलं. मी वर्गाच्या फाईलला लावलेला पेत्राचा उपदेश त्यांनी वाचला होता. “वार्षिक उपासनेत हाच करायचा,” ते म्हणाले. “आईवडलांना बोलाव.” सर या कॉलेजात नवीनच आलेले, ती वही त्यांनी कधी पाहिली नसणार. मी मान डोलावली. आईनं त्याच दिवशी साडी इस्त्रीला टाकली.

चौथ्या रविवारी छबूबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या, मी त्यांना पीठ मळून देत होते. मी सहज म्हणाले, “कल्याणला बायबल बरंच माहीत आहे, नाही?”

“म्हाईत नसंल तर! तुमच्याच कालेजात हुता की त्यो. शेवटच्या वर्साला बापाला लकवा झाला, तवा घरी आला त्यो आलाच. तुमी पयल्या दिशी शेकोटीचं सांगितलं न्हाई का, त्ये त्यानंच लिवलेलं. हितंच सांगितलं हुतं. लई रडलो हुतो आमी.”

माझे हात पिठातच राहिले.

“म्हणजे... त्या दिवशी सगळ्यांना माहीत होतं?”

“व्हय. आमाला वाटलं, त्यानंच दिलं असंल तुमाला.”

म्हणजे मी पुलपिटावर, उपदेशाच्या चौथऱ्यावर, हात उंचावून बोलत होते, तेव्हा समोरच्या प्रत्येकाला पुढचं वाक्य ठाऊक होतं. आणि पेटीमागं बसून तो स्वतःचाच उपदेश ऐकत होता. “प्रार्थनेत,” मी त्याला म्हणाले होते. त्यालाच!

पोटात दुखतंय म्हणून मी जेवण टाळलं आणि थांब्याकडं चालत निघाले. मागून मोटरसायकलचा आवाज आला. चेहरा दिसू नये म्हणून मी पदर डोक्यावरून पुढं ओढला, पण तो दुसराच कुणीतरी होता.

पुढच्या रविवारी गेले नाही. ताप आल्याचं कळवलं, म्हणजे आणखी एक खोटं. त्याचे मेसेज आले. ‘ताप उतरला का?’ मग, ‘पेटी रुसलीय.’ मग, ‘जयमाला, काही चुकलं का माझं?’

त्याचं! मोबाईल मी उशीखाली ढकलला. बायबल उघडायचीही लाज वाटत होती.

सोमवारी सकाळी सरांच्या खोलीत गेले. एका दमात सगळं सांगितलं. सरांनी वार्षिक उपासनेचा कागद पुढं ओढला.

“वार्षिक उपासनेतून तुझं नाव काढतो. उपदेशाचा पेपर पुढच्या वर्षी पुन्हा. म्हणजे पदवी वर्षभर लांबली.”

“हो, सर.”

“हे झालं कॉलेजचं. ज्यांच्यापुढं बोललीस, त्यांना कोण सांगणार?”

घरी फोन केला. आईनं ऐकून घेतलं आणि फोन वडलांकडं दिला. वडलांचा आवाज आला, “जेवलीस का?” तेव्हा मात्र रडू आवरलं नाही.

रविवारी पुन्हा त्या चर्चमध्ये गेले. पुलपिटावर न चढता खालीच, पहिल्या बाकापाशी उभी राहिले. कल्याण पेटीमागं होता. त्याच्याकडं बघायची हिंमत झाली नाही.

“मी तुमच्यापुढं पहिल्या दिवशी केलेला उपदेश चोरलेला होता,” मी म्हणाले. “कुणाचा, ते तुम्हाला ठाऊक आहे. मला सुचला, असं मी त्याच माणसाला सांगितलं. मागच्या आठवड्यात मला तापही नव्हता. मला... तुमच्यापुढं यायला लाज वाटत होती. मला क्षमा करा.”

बाहेर एक शेळी ओरडली. मग छबूबाई उठल्या, माझा दंड धरून मला स्वतःशेजारी बसवलं. “बरं केलं सांगितलं त्ये. कल्याण, गीत घे.”

पण पेटी लवकर सुरूच झाली नाही. त्याची बोटं पट्ट्यांवर नुसतीच टेकलेली होती.

उपासनेनंतर तो लिंबाखाली मोटरसायकलजवळ उभा होता. मीच गेले.

“का नाही सांगितलंत?” मी विचारलं. “पहिल्याच दिवशी तोंडावर सांगायचं.”

“सांगणार होतो. पण तुम्ही तो उपदेश करताना खरंच रडत होतात... मला माझंच लिहिलेलं पहिल्यांदा खरं वाटलं.” तो जमिनीकडं बघत होता. “आणि मी कुठल्या तोंडानं बोलणार? वडील बरे झाले, तरी परत गेलो नाही. कॉलेजची तीन पत्रं आली, एकही उघडलं नाही. तुम्ही तरी सगळ्यांसमोर उभ्या राहिलात.”

“उघडा ती.”

“एकट्यानं नाही होत.”

“मग मी बसते शेजारी.”

तो हसला. बऱ्याच दिवसांनी.

“एक अडचण आहे, मॅडम. पाळकाच्या बायकोला पाळकीणबाई म्हणतात. पण पाळकबाईंच्या नवऱ्याला काय म्हणतात?”

“मी... अजून वर्षभर तरी पाळक होत नाही.”

“चालेल. तोवर नुसतं कल्याण म्हणा.”

“कल्याण,” मी म्हणाले... आणि मग, अगदी हळू, “हो.”

गेले कितीतरी दिवस मला नुसती लाज वाटत होती. त्या दुपारी मी पहिल्यांदा लाजले.