पाण्यावरचा तवंग

शामलाच्या सायकलखाली आधी सापडला तो रविंद्रचा कांदा.

सन पंच्याऐंशीचा मे. ऊन बाधू नये म्हणून खिशात कांदा असल्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही, ही त्याच्या आईची ताकीद. प्रयोगशाळेच्या फाटकात शामलाची सायकल चुकवताना तो कांदा खिशातून उडाला आणि चाकाखाली गेला.

"अहो मॅडम! आता मले लू लागली तर?"

"मग मी आहे ना... पण आधी बाजूले व्हा, उशीर होऊन राहिला," दुपट्ट्यातून उत्तर आलं.

उन्हाळ्यात नागपूरच्या साऱ्याच पोरी तोंडाला दुपट्टा बांधतात. शामला मात्र तो आतही सोडत नसे. 'अतिनील दिव्याचा त्रास होतो' म्हणायची. तोच दिवा सांभाळायला नवा इंजिनियर येणार होता, आणि तो हा कांदेवाला निघाला.

कामठी रोडवरच्या एका कारखान्याच्या सांडपाण्यातून उन्हाच्या क्रीमचं रसायन विहिरींत उतरत होतं. पाण्यात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून ते दिव्याखाली ठेवलं, की रसायन मोडायला हवं. पण शामला तपासायची त्या नळ्यांमध्ये ते रोज उरायचंच.

"चेहरा कधी दाखवता?" रविंद्रनं एकदा विचारलं.

"पाणी साफ झालं की."

"मग तर दिवा जोरात लावा लागते!"

ती हसली, आणि लगेच भ्याली. दुपट्ट्याखाली कानापासून हनुवटीपर्यंत पांढरा डाग होता. कोड. आलेली स्थळं तो पाहून चहा न पिताच उठून गेली होती.

शुक्रवारी रविंद्रनं दिवा उघडला. त्या उजेडात डोळे भाजू नयेत म्हणून घालायचा गॉगल एकच होता. तो त्यानं तिच्या डोळ्यांवर चढवला, आणि दिवा मंद तर नाही ना हे उघड्या डोळ्यांनी वाकून वाकून पाहिलं. संध्याकाळी डोळ्यांतून धारा लागल्या.

"काही नाही जी, कांदा झोंबला," तो म्हणाला. सकाळी त्याचे डोळे उघडेनात.

धंतोलीच्या दवाखान्यात त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. "उद्या काढल्यावरच सांगता येईल," डॉक्टर म्हणाले. शामलाची पाचावर धारण बसली. त्याला दिसलं नाही तर? आणि दिसलं... तर?

त्यानं पाणी मागितलं. घाईत तिचा अंगठा पेल्यात बुडाला, आणि पाण्यावर बारीक तेलकट तवंग पसरला. ती पाहतच राहिली. नळीच्या तोंडावर अंगठा धरून नळी हलवायची तिची जुनी सवय!

"रविंद्र... पाणी केव्हाच साफ झालं होतं. माझ्याच अंगठ्याची उन्हाची क्रीम त्यात उतरून राहिली होती. माझ्यापायी तुमचे डोळे..."

"पण क्रीम काहून लावता तुम्ही?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्या पट्ट्यांकडे पाहून जीभ रेटेना.

"कोड आहे मले... चेहऱ्यावर. ऊन सोसत नाही."

तो काहीच बोलला नाही. ती उठून घरी आली.

दुसऱ्या दिवशी ती दुपट्टा न बांधता दवाखान्यात गेली. पाणी साफ झालं होतं, शब्द दिला होता. डॉक्टरांनी पट्ट्या सोडल्या. रविंद्रनं डोळे मिचकावले. पाणी आलं. ती पुढे वाकली.

"दिसून... राहिलं का?"

त्यानं कानापासून हनुवटीपर्यंत सावकाश पाहिलं. "दिसते. सारं दिसते."

"डोळे वाचले. पण काही दिवस उन्हात फिरायचं नाही," डॉक्टर बजावून गेले.

"ऐकलं? आता मलेही ऊन सोसत नाही," रविंद्र म्हणाला. "काल मुद्दाम गप्प राहिलो. हे तुह्याकडे पाहूनच बोलायचं होतं... आपल्या दोघाले एक छत्री पुरते. तू धरशील, का मी धरू?"

शामलाला रडू आवरेना. तो तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता.

"मी धरते," ती म्हणाली. "तुम्ही कांदा सांभाळा."