राखणदाराची जागा

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. काकूने जे सांगितलं, तेच लिहितोय. पुढचं मी स्वतः पाहिलंय.

आणि रात्र वगैरे काही नव्हती.

मे महिन्यातला मंगळवार. डोकं फुटेल असं ऊन. काबोर्का गावाच्या पश्चिमेला डांबरी रस्ता संपतो, तिथून वाळवंटात दोन तास चालत आत. घड्याळात तीन वाजून गेले होते.

क्लोतिल्दे माझी काकू. तिचा नवरा, निकानोर काका, त्याआधी एकोणीस महिने याच वाळवंटात शिरला होता. स्पॅनिश लोकांनी पुरलेली चांदी शोधायला.

त्याची गाडी सापडली. तो नाही.

आजी दर रविवारी त्याचं ताट वाढायची. काकूला बजावायची, "माझा पोरगा जिवंत आहे. काळे कपडे अंगावर दिसले तर याद राख!" पाद्री म्हणायचे, देह नाही तर दफन कसलं? काकू ना धड बायको राहिली, ना धड विधवा.

ती रडलीही नव्हती. टोर्टिया लाटायची, विकायची, झोपायची. लोक म्हणायचे, दगड झालीय. ते खरंच होतं. आत काही हलतच नव्हतं, असं ती स्वतः म्हणाली.

तिला एकच हवं होतं. हाडं. पुरायला.

माझे बाबा, अमादेओ, निकानोर काकाचे धाकटे भाऊ. ते म्हणाले, "वहिनी, चांदी गेली खड्ड्यात. आपण दादाला घेऊन येऊ."

खुणा वाचायला काकूला काकानेच शिकवलं होतं. खूण समोरून वाचायची नसते. ती ओलांडायची, चाळीस पावलं पुढे जायचं आणि मग मागे वळून बघायचं. चांदी पुरून परत येताना माणसांनी खुणा केल्या, म्हणून खुणांची तोंडं चांदीच्या बाजूला. समोरून वाचणारे जन्मभर भटकतात.

आणखी एक गोष्ट काकाने तिला हसत हसत सांगितली होती. पुरलेल्या धनावर एक माणूस मारून राखणदार बसवलेला असतो. त्याला उठवता येतं. पण ती जागा रिकामी राहत नाही.

हे बाबांना माहीत नव्हतं.

"दादाने मला कधी शिकवलं नाही," वाटेत बाबा म्हणाले. "म्हणायचा, तुला घरात मीठ सापडत नाही, चांदी काय सापडणार!"

"खोटं नव्हता बोलत," काकू म्हणाली.

पहिली खूण म्हणजे एक जुना सग्वारो निवडुंग. पाच-सहा माणसांच्या उंचीचा. त्याचा एक हात कुणीतरी कोवळा असताना वाकवून एका बाजूला वळवलेला. दोघं तो ओलांडून गेले. चाळीस पावलं. वळले.

निवडुंगाचा हात डावीकडच्या टेकडीकडे होता. वाळूत पावलांच्या दोन रांगा होत्या. एक काकूची, एक बाबांची.

दुसरी खूण, कासवासारखा दगड. ओलांडला. वळले...

कासवाचं डोकं कोरड्या ओढ्याकडे होतं. आणि बाबांची पावलं पुसट दिसत होती.

काकूची ठसठशीत. बाबांची जेमतेम. बाबांचं वजन नव्वद किलो, काकूचं पंचावन्न. तिला वाटलं, ते टणक जमिनीवरून चालले असतील.

ओढ्यात शिरल्यावर पारव्यांचं घुमणं थांबलं. मग किड्यांची किरकिरही थांबली. एकदम. कुणीतरी दार लावावं तशी.

तिसरी खूण, बदामाच्या आकाराचा दगड, डाव्या बाजूला छिन्नीने पाडलेली चीर. ओलांडला. चाळीस पावलं. वळले...

वाळूत एकच रांग होती.

काकूची.

बाबा शेजारी उभे होते. घामाने भिजलेले. बाटलीतून घटाघट पाणी पीत होते. हनुवटीवरून पाणी गळत होतं. जिवंत, धडधाकट माणूस.

"काय झालं वहिनी? चीर कुठे दाखवतेय?"

"उजवीकडे," काकू म्हणाली. "चल."

त्यांनी वाळूकडे पाहिलं नाही. त्यांना दगडाचंच कौतुक.

पुढे आवाज येऊ लागला.

खण्ण... खण्ण...

कुदळीचा. जमिनीखालून.

"ऐकलंस?" काकूने विचारलं.

"काय?"

"काही नाही."

चौथी खूण सावलीची. समोर एक सुळका होता, त्याच्या माथ्याला भोक. चार वाजता सुळक्याची सावली खाली पडते आणि त्या सावलीत भोकाएवढा उजेडाचा ठिपका. तो जिथे पडेल तिथे खणायचं.

ठिपका पडला. तिथे आधीच खड्डा होता.

आवाज थांबला.

काकूने वाकून पाहिलं. पुरुषभर खोल. तळाशी चांदी नव्हती. निकानोर काका होता.

तो पडलेला नव्हता. बसलेला होता. पाठ भिंतीला, गुडघे जवळ, तोंड वर वाटेकडे. हाडंच उरली होती, पण सदरा ओळखू येत होता. तिसरं बटण निळं, बाकीची पांढरी. निळं काकूनेच लावलं होतं.

तिला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही.

"तू थांब वहिनी," बाबा पिठाचं रिकामं पोतं घेत म्हणाले. "मी उतरतो. तुला नको बघायला."

 

हे सांगताना काकू म्हणाली, "तेव्हा मला सगळं कळलं होतं. थांब, एवढंच म्हणायचं होतं. तू नको, मी उतरते, असंही म्हणता आलं असतं. मी मूग गिळून बसले. मला माझा नवरा हवा होता."

बाबा उतरले. एकेक हाड हळुवार उचललं. पोतं वर दिलं. स्वतःही वर आले. हात झटकले. काहीच झालं नाही.

काकाचं दफन रीतसर झालं. आजीने त्याचं ताट धुऊन माळ्यावर ठेवलं. काकूने काळे कपडे घातले.

पुढचं मी पाहिलं. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो.

बाबांचं जेवण सुटलं. संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायचे. पाठ भिंतीला, तोंड पश्चिमेला. हाक मारली तर ओ द्यायचे, पण उशिरा. आई म्हणायची, भावाचं दुःख आहे, निवळेल.

अकराव्या दिवशी बाबा कॉफी अर्धी टाकून उठले आणि गेले.

गाडी रस्ता संपतो तिथे सापडली. किल्ली तशीच लावलेली. आसपास शोधाशोध झाली. वाळूवर एकही पाऊल नव्हतं.

आई काकूच्या पाया पडली. "ताई, तुम्हाला खुणा वाचता येतात. यांना घेऊन या हो."

"मला वाट आठवत नाही," काकू म्हणाली.

याला चौदा वर्षं झाली. आई अजून बाबांचे सदरे दर महिन्याला धुऊन वाळत घालते. स्वच्छच असतात, तरी धुते.

गेल्या महिन्यात काकूने मला बोलावलं. अंथरुणाला खिळली होती. सगळं सांगितलं. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मी नुसता बसून राहिलो. खिडकीबाहेर कुणीतरी पाण्याचं पिंप लोटत नेत होतं, ते ऐकत होतो.

तिने कागदावर चारही खुणा काढून दिल्या.

"बापाला आणायचं असेल तर आणता येईल," ती म्हणाली. "आई तरी सुटेल तुझी. पण एकटा जाऊ नकोस."

"का?"

"कुणाला तरी सोबत ने. खाली त्याला उतरू दे."

गेल्या गुरुवारी काकू वारली.

काल मी आईला म्हणालो की बाबांना शोधायला जायचा विचार आहे. ती धुतलेला सदरा घट्ट धरून उभी राहिली.

धाकट्या रोसेन्दोने ते ऐकलं. तो सतरा वर्षांचा आहे. बाबा त्याला आठवतही नाहीत. सकाळपासून तीनदा विचारून गेला, "दादा, मीही येतो. कधी निघायचं?"

मी अजून त्याला नाही म्हटलेलं नाही.