चार मिनिटं आधी

"निरू, चल गं घरी," अशी हाक मारून शैलजा नणंदेच्या, महादेवीच्या, दारात चपला काढत होती, तेवढ्यात तिच्या मनगटावरचा पट्टा थरथरला. पुढचं सगळं तिने विचार न करता केलं. एक चप्पल पायात तशीच ठेवून ती स्वयंपाकघरात घुसली, महादेवीचा हात धरून पाठीमागे पिरगळला आणि निरूपुढच्या थाळीला लाथ घातली. महादेवीच्या हातातून काटकी मोडल्यासारखा आवाज आला. तोवर शैलजाने पाच वर्षांच्या लेकीला फरशीवर पाडलं होतं, पोटावर गुडघा रोवला होता आणि कमरेच्या पिशवीतली औषधाची सुई फ्रॉकवरूनच मांडीत खुपसली होती.

"वैनी, नुस्ती भाकर हाय ती," मोडका हात छातीशी धरून महादेवी म्हणाली. "कोरडी."

शैलजाचं लक्ष पट्ट्यावर होतं. त्यावर लाल अक्षरांत चार मिनिटं दिसत होती.

अन्नाची ॲलर्जी म्हणजे कुंपणानेच शेत खाण्याचा प्रकार. शरीरात पहारेकरी पेशी असतात आणि त्यांच्याजवळ दाहक रसायनांच्या पोतड्या असतात. शत्रू दिसला की त्या फोडायच्या, एवढंच त्यांना कळतं. काही मुलांच्या पेशी शेंगदाण्यालाच शत्रू समजतात आणि सगळ्या पोतड्या एकदम फोडतात. मग अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, घसा आवळत जातो. पूर्वी आयांना हे डोळ्यांनी ओळखावं लागे. निरू दोन वर्षांची असताना शैलजाला ते ओळखता आलं नव्हतं. शेंगाचटणीचं बोट चाटून पोर जीभ खरवडत रडत होती, आणि हट्टीपणा समजून शैलजाने तिला चापट मारली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत निरू निळी पडली होती. ती वाचली, पण ती चापट शैलजाच्या हातावरून कधी गेली नाही.

सोलापुरात राहून शेंगदाण्याशी वैर म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. म्हणून तिने 'चाहूल' बसवून घेतली. हा मोहरीएवढा कण मुलाच्या दंडात कातडीखाली बसतो. पहिल्या दोन-चार पोतड्या फुटल्या की तो हेरतो आणि आईच्या मनगटावरच्या पट्ट्याला कळवतो. बाहेर काहीही दिसायच्या चार मिनिटं आधी. तेवढ्यात सुई टोचली की लढाई सुरू व्हायच्या आत संपते.

पहिल्या वर्षी पट्टा सात वेळा थरथरला, आणि साती वेळा तो खरा ठरला. कुणी चिक्की दिली होती, कुणी कोशिंबिरीत कूट घातलं होतं. दुसऱ्या वर्षी तो तीस वेळा थरथरला. शाळेच्या बाईंच्या कानशिलात बसली, फाटकावरच्या रखवालदाराचे दोन दात पडले. मागाहून प्रत्येकाचं अन्न तपासलं, तर त्यात शेंगदाण्याचा कणही नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. शैलजा ताक देणाऱ्याचेच हात मोडत सुटली होती.

महादेवीचा हात मोडल्यानंतर तिने कुणावरच विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं. निरूला घेऊन तिने एका खोलीत कोंडून घेतलं. उकडलेला भात, उकळलेलं पाणी, तिसरं माणूस नाही. सहा दिवसांत पट्टा अकरा वेळा थरथरला. निरूच्या मांड्या सुयांनी काळ्यानिळ्या झाल्या, तेव्हा शैलजा हरली आणि डॉक्टर सत्यभामा येमूल यांच्याकडे गेली. चाहूल ज्यांनी घडवली त्यांच्यात त्याही होत्या.

डॉक्टरांनी शैलजाला निरूच्या नजरेआड पडद्यामागे उभं केलं आणि निरूला नर्ससोबत काचेच्या खोलीत बसवलं. तिथे भोकं पाडलेल्या डब्यात भाजलेले शेंगदाणे ठेवले. वासाने काहीच झालं नाही. महादेवीला आत पाठवलं. हात प्लास्टरमध्ये, तरी ती भाचीसाठी आली होती. निरू तिच्या मांडीवर बसून खिदळली, पट्टा गप्प होता.

"ताई, आता तुम्ही जा," डॉक्टर म्हणाल्या. "रिकाम्या हातांनी. सावकाश."

शैलजाने दार ढकललं आणि दोन पावलं टाकली. पट्टा थरथरला. निरू हसत तिच्याकडे धावली, आणि या वेळी चार मिनिटंही न लागता, धावता धावता तिच्या मानेवर लाल गांधी उठत गेल्या. नर्सने तिला हवेतच झेललं आणि सुई टोचली. पोर लाथा झाडत आईकडे हात पसरत होती. डॉक्टरांनी शैलजाला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"म्हणजे ही चाहूल खोटं बोलते," शैलजा म्हणाली.

"खोटं असतं तर बरं झालं असतं. पोतड्या खरंच फुटतायत." डॉक्टरांनी खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही. "शरीर शिकतं, ताई. पूर्वी त्याला आधी चव कळायची, खाज कळायची. तुम्ही खाज सुटायच्याही आधी पोचलात. मग लढाईच्या तोंडावर त्याला एकच खूण दिसत राहिली. तुमची हाक, तुमचा गुडघा, तुमची सुई. आता नुसत्या तुम्ही आलात तरी ते पोतड्या फोडतं."

"ती मला घाबरते?"

"ती नाही घाबरत. तिला तुम्हीच हव्या आहात. तिच्या रक्ताला ते कसं सांगायचं, हे आम्हाला माहीत नाही."

हे कधी उतरेल, असं शैलजाने विचारलं. दूर राहिलात तर काही वर्षांत कदाचित, असं उत्तर मिळालं. हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं, असंही डॉक्टर म्हणाल्या आणि मान खाली घालून बसल्या.

महादेवी बाहेर आली. शैलजाने कमरेची पिशवी सोडून तिच्या धड हातात दिली. क्षमा मागायला तोंड नव्हतं, म्हणून ती कामाचंच बोलली. "वन्सं, जीभ खरवडली की बघा. खोकली की बघा. खेळता खेळता गप्प बसली तर आधी ओठ बघा." ती थांबली. "आणि उगाच रडतेय असं वाटलं, तरी चापट मारू नका."

"न्हाई मारत, वैनी," महादेवी म्हणाली.

शैलजा काचेपासून मागे सरली. पट्टा थरथरतच होता. ती व्हरांड्यात गेली, जिन्याच्या वळणावर भिंतीआड उभी राहिली, तेव्हा कुठे तो थांबला.

आतून निरूची हाक आली. "आई! आई, ये ना!"

शैलजाने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ओ दिली नाही.