आधी आकडा, मग निरोप

आमच्या खारट चहात आज मीठ जास्त पडलं.

बर्फात कोल्ह्याची पावलं दारापर्यंत आली होती. मग वळली होती.

दूर राजधानीत, बिश्केकमध्ये कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला... मी तो खिंडीत, चुलीपाशी बसून ऐकला.

सॅटेलाइट फोनमधून आला होता तो. त्याच्यामागून एक आवाज —

"एजे, ऐकू येतंय का?"

"पहिल्याच वाक्यात थोरली बहीण करून टाकलीस?"

"मग काय म्हणू?"

"बेगिमाय म्हण. तू कोण?"

"एल्दियार. तुझ्या बर्फाच्या नोंदी ज्या प्रोग्राममध्ये येतात ना, तो माझा."

हिमकड्यांवर नजर ठेवायच्या त्या ठाण्यावर हिवाळाभर मी एकटी. कधी कधी माझाच आवाज मला अनोळखी वाटायचा. नवं यंत्र येईपर्यंत नोंदी हाताने टाईप करायच्या होत्या. त्याने रीत समजावली — आधी किती अक्षरं येणार तो आकडा, मग तेवढीच अक्षरं. कमी आली तर प्रोग्राम उरलेल्यांची वाट पाहत बसतो. आकडा मर्यादेबाहेरचा दिसला, तर निरोप न वाचताच लाईन तोडतो.

"तुझ्यासारखाच तुसडा दिसतोय."

"मी कुठं तोडली अजून?"

नोंदीच्या शेवटी मी एखादा शब्द जास्तीचा घालू लागले. 'ऊन.' 'गरुड.' त्याचं उत्तर फोनवर यायचं — 'इथं नुसता धूर.' त्या धुराचीसुद्धा मी वाट पाहायचे.

मग हेलिकॉप्टरमधून यंत्र आलं. उद्यापासून तेच सगळं पाठवणार. त्याला मला फोन करायला काही कारणच उरणार नव्हतं.

मी शेवटची नोंद लिहिली. तिच्याखाली एक ओळ. दोन्हींची अक्षरं मोजून आकडा पाठवला... आणि ओळ पुसून टाकली. गेली ती नुसती नोंद.

फोन वाजला.

"बेगिमाय, प्रोग्राम अडून बसलाय."

"नोंद आली ना?"

"आली. पण सांगितलंस तेवढं नाही आलं. बाकीचं कुठंय?"

"आकडा चुकला असेल."

"तुझा? चल, काहीतरीच!"

छपरावरून बर्फ घसरला.

"थोड्या वेळाने तो कंटाळून लाईन तोडेल," तो म्हणाला.

"आणि तू?"

"मी... नाही कंटाळत."

बोटं गारठली होती. पुसलेली ओळ मी पुन्हा लिहिली — 'काम नसलं तरी फोन कर. तुझा आवाज नसला की इथं कुणीच नसतं.' पाठवली.

मी फोन कानाला घट्ट लावला.

"पूर्ण आलं," तो हळूच म्हणाला.

खिंडीचा रस्ता मे महिन्यात उघडतो. एल्दियार एप्रिलमध्ये चालत आला.