चाळीस सेकंदांचा स्वर

ट्रॉम्बोन तास-दोन तास वाजवला की नळीत पाणी साचतं. थुंकी नव्हे, आपलाच गरम श्वास थंड पितळेला लागून त्याचं पाणी होतं. टोकाची छोटी कळ दाबून ते सोडावं लागतं. माझा थोरला भाऊ ते खुशाल जमिनीवर सोडायचा आणि सव्वीस वर्षं त्याच्या खुर्चीखालचं पाणी मी कुरकुरत पुसत आलो.

"अरे, फडकं कशासाठी असतं?"

"तुझ्यासाठी," दादा म्हणायचा.

वाद्यवृंदात तो माझ्या डावीकडे बसायचा. लांब स्वर आला की आम्ही आळीपाळीने श्वास घ्यायचो. घेण्याआधी टाच एकदा आपटायची. मग दुसऱ्याने स्वर धरून ठेवायचा. ऐकणाऱ्याला वाटे, एकच माणूस वाजवतोय.

दादा मार्चमध्ये गेला. खुर्ची तशीच राहिली आणि शेवटच्या रचनेतला चाळीस सेकंदांचा स्वर माझ्या एकट्याच्या गळ्यात पडला. माझा दम अठरा सेकंदांत संपायचा.

संचालक बाईंनी आडपडदा ठेवला नाही. "कार्यक्रमापर्यंत न तुटता जमला तर ठीक. नाहीतर तो भाग ट्यूबाला देते. मग एकट्या ट्रॉम्बोनचं मी काय करू, तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी वहिनीने दादाची घरची वाद्यं आणून दिली, फ्लूट आणि सनईसारखा ओबो. "ही वाजवली की श्वास ताब्यात येतो म्हणायचे. बघा करून, भाऊजी."

मी हिशेबी माणूस. वही आणि घड्याळ घेऊन बसलो. फ्लूट निम्मी हवा बाहेरच उधळतो, त्यामुळे झटकन आणि भरपूर श्वास घ्यायची सवय लागली. ट्रॉम्बोनवर एकवीस सेकंद झाले. ओबोचं उलट. पात्यांच्या बारीक फटीतून हवा जेमतेम जाते, छातीत शिळा श्वास कोंडतो आणि जीव नकोसा होतो. आधी जुना सोडायचा, मगच नवा घ्यायचा, हे ओबोनं शिकवलं. सव्वीस सेकंद.

पुढच्या आठवड्यात चौतीस. मग बेचाळीस. सत्तावन्नाव्या वर्षी छाती इतक्या वेगानं वाढत नाही, हे मला कळत होतं. पण हवं तेच मिळत असताना कोण खोदून विचारतो?

तालमीत त्या स्वराच्या मध्येच मला ठसका लागला. ओठ वाद्यापासून सुटले. स्वर तुटला नाही. सभागृह घुमतं, अशी मी मनाची समजूत घातली.

"कुठे श्वास घेता, कळतसुद्धा नाही!" बाई खूश होत्या. मी हसलो, पण त्या दिवशीचा आकडा वहीत लिहिला नाही.

कार्यक्रमाला वहिनी पहिल्या रांगेत बसली होती. तो स्वर आला. मी छाती भरून घेतली आणि लावला. दहा सेकंद. पंधरा.

डावीकडे टाच वाजली. एकदाच.

सवयीनं मी स्वर धरून ठेवला. त्याला श्वास घेऊ दिला.

मग माझा दम संपला. मी टाच आपटली आणि ओठ काढले.

स्वर चालूच होता.

मार्चपासून पहिल्यांदा मला रडू आलं. डावीकडे मात्र पाहिलं नाही. पाहिलं तर तो थांबेल, एवढीच भीती वाटत होती.

बाईंचा हात खाली आला. टाळ्या झाल्या. वहिनी मंचापाशी आली, डोळे पुसत म्हणाली, "भाऊजी, दोघं असल्यासारखंच वाटलं हो."

सगळे गेल्यावर मी कळ दाबली. दोन तास वाजवून एक थेंब पडला नाही. नळी ठणठणीत कोरडी.

डावीकडच्या खुर्चीखाली पाणी साचलं होतं.

मी फडकं काढलं, वाकलो, सवयीनं कुरकुरायला तोंड उघडलं, मिटलं आणि पुसू लागलो.

पाणी अजून कोमट होतं.