तिसरं कुलूप

पटो न पटो, हे घडलंय. मकरंद माझा सख्खा मावसभाऊ. साधी थाप मारतानाही अडखळणारा माणूस, एवढं मोठं रचून सांगणं त्याच्या बापाला जमायचं नाही.

२००८ सालचा हिवाळा. वेलिंग्टनजवळच्या डोंगरावर नव्या पवनचक्क्या उभ्या राहत होत्या. मकरंद तिथे इंजिनिअर. राहायचा जॉन्सनव्हिलला, एकटा. बायको उत्तरा पुण्यात. नोकरी कायम झाली की तिचा व्हिसा होणार होता. बिचारा रोज एका माणसाचा भात लावायचा आणि टीव्हीशी बोलत जेवायचा.

त्या दुपारी शेवटची पवनचक्की सुरू करायची होती. ती फिरली, तर नोकरी पक्की. साहेबाने तसं स्पष्टच सांगितलं होतं.

तिथला नियम कडक. वर चढणाऱ्याने खाली, पोकळ खांबाच्या आतला स्विच बंद करून त्याला आपलं कुलूप घालायचं. उतरला की स्वतःच काढायचं. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. कुलूप आहे म्हणजे माणूस वर आहे.

मकरंद आणि त्याचा जोडीदार ग्रॅहम काम उरकून उतरले. दोघांनी आपापली कुलपं काढली.

तरी एक उरलंच...

गंजलेलं. कोरं. नाव नाही.

चढताना ते नव्हतं!

ग्रॅहम बाहेर जाऊन साहेबाला फोन लावू लागला. आत आला तो वैतागूनच. "कापून टाक म्हणतोय. कटर आणतो गाडीतून."

मकरंद आत एकटा राहिला. बाहेर धुकं. वाराही पडलेला.

कापलं असतं तर प्रश्नच मिटला असता. उत्तरा आली असती. पण वर खरंच कोणी असेल तर?

त्याने वर तोंड करून इंग्रजीत हाक मारली.

काही नाही...

मग कोण जाणे का, तोंडातून मराठीच आलं. "अहो, कोणी राहिलंय का वर? उतरा सावकाश. मी थांबलोय."

ठण्ण...

लोखंडी शिडीवर पाऊल पडलं.

ठण्ण... ठण्ण...

कोणीतरी उतरत होतं. दमलेल्या माणसासारखं, थांबत थांबत. शिडी समोर होती. शिडीवर कोणीच नव्हतं.

शेवटची पायरी वाजली.

शांतता...

त्याने स्विचकडे पाहिलं. कुलूप उघडून लटकत होतं.

"स्वीट ॲज!" तिकडच्या बोलीत 'झकास' म्हणत कटर घेऊन आलेला ग्रॅहम खूश झाला. "किल्ली मिळाली वाटतं?"

मकरंदने ते काढून बाजूला ठेवलं. संध्याकाळी वारा सुटला, पाती फिरली, साहेबाने पाठ थोपटली.

घरी येऊन त्याने आधी उत्तराला फोन केला. नोकरी पक्की झाल्याचं ऐकून ती रडायलाच लागली. मग मध्येच थांबली.

"घरी कोणी आलंय का रे?"

"नाही गं. का?"

"मागे कोणीतरी जड बूट काढतंय..."

मकरंदने मागे वळून पाहिलं नाही.

पुढच्या महिन्यात उत्तराचा व्हिसा आला. बॅगा भरल्या, लोणच्याच्या बरण्यासुद्धा बांधून झाल्या. आणि यानेच फोन करून सांगितलं, "इतक्यात येऊ नकोस."

ती अजून पुण्यातच आहे. परवा मी त्याला फोनवर चांगलं झापलं. म्हटलं, "अरे, दोन खोल्यांत एकटा राहतोस, बायकोला का नाही नेत?"

तो अगदी हळू, कोणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाला, "मीच बोलावलं रे त्याला. आता जा कसं म्हणू?"